लाट किती फुटांची, हे नंतर विचारा
वाचकांचे प्रश्न : मेक्सिकोच्या आखातातील सर्फिंग

ह्यूस्टन, ऑस्टिन, टॅम्पा या भागांत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून सर्फिंगबद्दल बरेच प्रश्न आले. कॅलिफोर्निया किंवा हवाईचे आडाखे इथे लावून फसलेल्यांचे प्रश्न त्यांत सर्वाधिक आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवर ‘३ फूट’ पाहून आम्ही ह्यूस्टनहून गॅल्व्हस्टनला गेलो. समुद्रावर नुसता फेस आणि खळबळ होती. फळीवर उभे राहण्याजोगी एकही लाट मिळाली नाही. ॲप चुकीचे होते का?

ॲप बरोबरच असणार. त्यावरचा दुसरा आकडा तुम्ही पाहिला नाही. उंचीच्या शेजारी सेकंदांत एक आकडा असतो. एका लाटेचा माथा गेल्यावर पुढचा माथा किती वेळाने येतो, हे तो सांगतो. सर्फर त्याला ‘पिरियड’ म्हणतात. आखातात आधी हा आकडा पाहायचा आणि मग उंची.

खोल पाण्यातल्या लाटेची लांबी काढायची तर पिरियडचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचे. ५ सेकंदांची लाट सुमारे ३९ मीटर लांब असते, १० सेकंदांची १५६ मीटर. दोन्हींची उंची १ मीटरच असली तरी दुसरीत किनाऱ्याकडे वाहून येणारी शक्ती साधारण दुप्पट असते. शिवाय उथळ पाण्यात शिरताना लांब लाट उंचावते. आखूड लाट तितकी उंचावत नाही, जागच्या जागी कोसळते. त्यातच आखूड लाटा एकमेकींच्या पाठीवर येतात. एकीतून सावरून फळी वळवेपर्यंत दुसरी अंगावर आलेली असते.

आखातात लाटा आखूड का असतात, याचे उत्तर नकाशात आहे. हे पाणी पूर्व-पश्चिम जेमतेम १५०० किलोमीटर पसरलेले आहे. फ्लोरिडा, क्यूबा आणि युकातान यांनी ते जवळजवळ बंदच केले आहे, त्यामुळे अटलांटिकमधली दूरची लाट आत येऊ शकत नाही. इथे जी लाट दिसते ती इथल्याच वाऱ्याने काल-परवा उठवलेली असते. त्यात टेक्सासच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ फार दूरवर उथळ राहतो, आणि त्या तळाशी घासत येताना लाटेची बरीच ताकद वाटेतच जिरते. ३ फूट आणि ५ सेकंद म्हणजे वाऱ्याने ढवळलेले पाणी.

गॅल्व्हस्टनपुरता आडाखा असा : ५ सेकंद किंवा कमी असेल तर गाडी काढू नका. ६ असेल तर लांब फळी घेऊन मजा येईल. ७-८ म्हणजे या किनाऱ्यावरचा चांगला दिवस. ९ किंवा त्याहून जास्त दिसले तर रजा टाका. यात समुद्राकडून येणारा वारा १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वर नसावा, ही अट धरलेली आहे.

‘फ्रंट आला की जा’ असे सगळे सांगतात. नेमके कधी जायचे? फ्रंटच्या आदल्या दिवशी की दुसऱ्या?

नेमका दिवस सांगता येत नाही, कारण इथे हिशेब तासांचा आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते आठवा. फ्रंट, म्हणजे पुढे सरकत येणाऱ्या थंड हवेची कड, हे त्याहून कितीतरी मोठे प्रकरण आहे, पण वाऱ्याच्या दिशेपुरते ते दोन शब्द इथे कामाला येतात.

साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात उत्तरेकडून थंड हवेचे फ्रंट येतात. फ्रंट पोहोचण्याआधी २४ ते ३६ तास दक्षिण किंवा आग्नेयेकडून खारा वारा जोरात वाहतो आणि लाटा उभ्या करतो. त्या वेळी लाट मोठी असते, पण पाणी विस्कटलेले असते. मग फ्रंट किनारा ओलांडतो, अर्ध्या तासात वारा फिरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा लाटेच्या तोंडावर समोरून दाब देतो, त्यामुळे ती लगेच कोसळत नाही आणि तिची भिंत गुळगुळीत राहते. तिथून पुढचे सुमारे ६ ते १२ तास तुमचे. त्यानंतर लाटेला खतपाणी घालणारा वारा थांबलेला असल्याने समुद्र बसत जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे तळे झालेले असते.

फ्रंट रात्री १ ते पहाटे ५ च्या दरम्यान गेला तर सोन्याहून पिवळे. उजाडताना पाण्यात उतरा. दुपारी ४ ला गेला तर ऑफिसातून लवकर निघून अंधार पडेपर्यंतचे दोन तास गाठा, सकाळवर विसंबू नका. संध्याकाळी ७ ला गेला तर रात्रभर लाट उतरत जाते, तरी पहाटे काही उरलेले असते.

फ्रंटची वेळ राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक अंदाजात मिळते. लाटेसाठी समुद्रातले बोये, म्हणजे लाटा मोजणारी तरंगती उपकरणे, पाहा. ४२०१९ हा बोया फ्रीपोर्टच्या दक्षिणेस ६० सागरी मैलांवर आहे आणि ४२०३५ गॅल्व्हस्टनच्या पूर्वेस २२ सागरी मैलांवर. लाटांचा समूह किती वेगाने पुढे सरकतो हे काढायला पिरियडला ०.७८ ने गुणा, उत्तर मीटर प्रति सेकंद येते. ७ सेकंदांची लाट तासाला सुमारे २० किलोमीटर सरकते. म्हणजे ४२०१९ वर पहाटे ३ ला १.५ मीटर, ७ सेकंद दिसले तर ती लाट फ्रीपोर्टजवळच्या सर्फसाइड किनाऱ्याला साडेआठच्या सुमारास पोहोचेल, आणि उथळ तळामुळे थोडी बारीक होऊन पोहोचेल. बोयावरची उंची सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, हे ध्यानात ठेवा. आणखी एक गोष्ट : वेळ जीएमटीत दिसत असेल तर हिवाळ्यात ६ तास आणि उन्हाळ्यात ५ तास वजा करा. हा वजाबाकीचा घोळ फार जणांना रिकाम्या हाताने परत पाठवतो.

आम्ही टॅम्पाला राहतो. फ्रंट गेल्यावर लगेच समुद्रावर गेलो तर तिथे उलट जास्तच वारा होता.

कारण तुमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. टेक्सासमध्ये फ्रंटच्या आधीचा वारा लाट उठवतो आणि नंतरचा ती साफ करतो. तुमच्याकडे मात्र फ्रंटच्या मागून येणारा पश्चिम-वायव्येचा वाराच लाट उठवतो, आणि तोच अंगावर येतो. तो ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे फिरेपर्यंत थांबावे लागते. बहुतेक वेळा ते फ्रंटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होते. ट्रेझर आयलंडचा सनसेट बीच, इंडियन रॉक्स आणि दक्षिणेला व्हेनिसची जेटी (समुद्रात शिरलेला दगडी बांध) या जागा पाहा. लाल भरतीचा इशारा असेल तेव्हा जाऊ नका. त्या सूक्ष्म शैवालाचे विष हवेतून घशात जाते, खोकला थांबत नाही, आणि दमा असलेल्यांना ते धोक्याचे आहे.

ह्यूस्टनहून एका दिवसात आणि शनिवार-रविवारात कुठे कुठे जाता येईल? प्रत्येक जागेचा स्वभाव सांगाल का?

सर्वांत जवळ गॅल्व्हस्टन, सुमारे ८० किलोमीटर. १९०० च्या चक्रीवादळानंतर तिथे समुद्राला भिंत घातली. तिचा पहिला भाग १९०२ ते १९०४ मध्ये झाला आणि आज ती सुमारे १६ किलोमीटर लांब आहे. भिंतीपासून समुद्रात ग्रॅनाइटच्या दगडांचे आडवे बांध घातले आहेत. या बांधांमुळे वाळू अडते आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत उंचवटे तयार होतात. ६१ व्या रस्त्याच्या आसपासचा भाग शिकणाऱ्यांना बरा. गाडी लावून भिंतीवरूनच पाणी वाचता येते. दगडांना आणि मासेमारीच्या धक्क्यांना चिकटू नका. तिथे नियमांचे फलकही आहेत आणि गळही पडलेले असतात.

भिंतीवर उभे राहिलात की दहा मिनिटे नुसते बघा. पांढऱ्या फेसाच्या दोन-तीन समांतर रेघा दिसतील. ते वाळूचे उंचवटे आहेत. इथले लोक त्यांना पहिला, दुसरा, तिसरा बार म्हणतात. लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीत फुटते. १ मीटरची लाट १.३ मीटर पाण्यात फुटते, म्हणजे कुठल्या बारवर ती फुटते यावरून तिची खरी उंची कळते. तिसऱ्या बारवर फुटलेली लाट मधल्या खोलगट भागात पुन्हा सावरते आणि दुसऱ्या बारवर पुन्हा फुटते. नवशिक्याने पहिल्या-दुसऱ्यावरच राहावे.

सर्फसाइड सुमारे १०० किलोमीटरवर आहे, आणि आमच्या मते एका दिवसाच्या टप्प्यातली सर्वांत भरवशाची जागा तीच. फ्रीपोर्टच्या जहाजांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दगडी जेट्या आहेत. उत्तरेकडची सर्फसाइडची, पलीकडची क्विंटानाची. आग्नेय-पूर्वेच्या वाऱ्यात किनाऱ्याला समांतर प्रवाह नैऋत्येकडे वाहतो, सर्फसाइडच्या जेटीला अडतो आणि तिच्या कडेने समुद्रात जातो. जाणते सर्फर याच प्रवाहावर बसून आत जातात आणि हातांचे श्रम वाचवतात. वारा पूर्वेचा आणि फार जोराचा असेल तर पलीकडे क्विंटानाला जा. जेटीच्या आडोशाला पाणी थोडे नीट असते. गाडी वाळूवर नेता येते, पण परवान्याचे स्टिकर आधी घ्या आणि ओल्या-कोरड्या वाळूच्या सीमेवरच राहा. कोरड्या भुसभुशीत वाळूत चाके रुततात.

दोन दिवस असतील तर पोर्ट अरॅन्सस, साडेतीन तासांवर. होरेस कॉल्डवेल धक्क्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे चांगले बसतात, आणि मस्टँग आयलंडच्या स्टेट पार्कात फिश पासच्या छोट्या जेट्या आहेत.

तीन दिवस असतील तर थेट साउथ पाद्रे. टेक्सासमधली सर्वांत ताकदीची लाट तिथे आहे, कारण खोल पाणी किनाऱ्याच्या जास्त जवळ येते आणि लाट वाटेत कमी थकते. आयला ब्लांका पार्कची जेटी बेटाच्या दक्षिण टोकाला असल्याने दक्षिणेचा वारा अडवते. गॅल्व्हस्टन पूर्ण विस्कटलेले असते तेव्हाही इथे काही तरी मिळते. पण हा किनारा थेट पूर्वेकडे पाहतो. उत्तरेचा वारा इथे आडवा लागतो, साफसफाईसाठी पश्चिमेचा हवा. गॅल्व्हस्टनचा फ्रंटचा हिशेब जसाच्या तसा इथे लावू नका.

पेन्साकोला आणि नॅव्हारे हे वेगळेच जग आहे : पांढरी वाळू, काचेसारखे पाणी, दक्षिणेकडे तोंड. उत्तरेचा वारा तिथे सरळ मतलई. उंचवटे मात्र प्रत्येक वादळानंतर जागा बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या जागेवर भरवसा ठेवू नये.

माझे वजन ७८ किलो, पोहता येते, सर्फिंग नवीन. ६ फुटी फळी स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

नको. आखातात नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक हीच. कमकुवत लाट पकडायला फळीने पाण्यावर लवकर सरकायला हवे आणि त्यासाठी तिच्यात घनफळ हवे. ८ ते ९ फूट लांब, साडेबावीस ते २३ इंच रुंद, ३ इंचांहून जाड, ७० ते ८५ लिटरची मऊ फोमची फळी घ्या. लीश, म्हणजे फळी पायाला बांधून ठेवणारी दोरी, फळीइतकीच लांब. आखूड असेल तर फळी उलटून डोक्यावर येते. वर्ष-दीड वर्षाने, वळण घेता येऊ लागल्यावर, ‘फिश’ नावाची आखूड, रुंद फळी घ्या. तुमच्या वजनाला इतरत्र ३९ लिटर पुरतील, इथे ४२-४३ घ्या.

जुन्या फायबरग्लासच्या फळीला तडा असेल तर तिच्यासह पाण्यात उतरू नका. आतला फोम पाणी शोषतो, पिवळा पडतो आणि फळी जड होते. आधी दोन-तीन दिवस तडा खालच्या बाजूला ठेवून सुकवा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, उन्हात घट्ट होणारे रेझिन सावलीत लावून मगच उन्हात न्या, शेवटी २२० नंबरचा पेपर. आणि जुलैत बंद गाडीत फळी ठेवू नका. फोममधली हवा फुगते, वरचा थर सुटतो, आणि तो पुन्हा नीट बसत नाही.

वेटसूट : जानेवारी-फेब्रुवारीत गॅल्व्हस्टनचे पाणी १२-१३ अंशांपर्यंत उतरते, त्याला ४/३ मिलिमीटर जाडीचा (छाती-पाठीला ४, हातापायांना ३). नोव्हेंबर-डिसेंबर आणि मार्चला ३/२ चालतो. ऑगस्टमध्ये पाणी ३० अंशांच्या आसपास, तेव्हा फक्त उन्हापासून जपणारा पातळ शर्ट पुरे.

मी कोकणातला. आमच्याकडे भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय कोणी समुद्रात जात नाही. इथे कोणी बोलतच नाही!

कारण कोकणात पाणी तीन-चार मीटर वर-खाली होते आणि दिवसातून दोनदा. टेक्सासच्या किनाऱ्यावर हा फरक साधारण अर्धा मीटर, आणि बरेच दिवस भरती एकदाच. तरी सवय सोडू नका. लहान लाटेच्या दिवशी पाणी चढल्यावर ती बारवर फुटतच नाही, किनाऱ्याला येऊन आपटते. अशा दिवशी ओहोटीची वेळ गाठा. उत्तरेचा जोराचा वारा लागला की पाणी तक्त्यातल्या आकड्यापेक्षाही खाली जाते.

१२ वर्षांच्या मुलीला शिकवायचे आहे. कशाकशाची भीती बाळगावी?

आधी शार्कचा विचार बाजूला ठेवा आणि जेटीच्या कडेच्या ओढीकडे पाहा. वर सांगितलेला प्रवाह जाणत्याला नेतो तसाच मुलांनाही ओढून नेतो. दगडी बांधांपासून शंभर-दीडशे मीटर दूर शिकवा. फळीशिवाय २०० मीटर न थांबता पोहता येत नसेल तर आधी तलाव. ओढ लागली तर फळी सोडायची नाही, किनाऱ्याकडे झुंजायचे नाही, किनाऱ्याला समांतर जायचे. जेटीजवळ असाल तर दगडांपासून दूर जाणाऱ्याच दिशेने. गॅल्व्हस्टनच्या पश्चिम टोकाचा सॅन लुईस पास मुलांना दाखवायलाही नेऊ नका; तिथला प्रवाह जीव घेतो.

पडायचे कसे, हे पहिल्याच दिवशी शिकवा : आडवे, सपाट, हातांनी डोके झाकून. पाणी कमरेइतके असते, सूर मारला तर मान वाळूवर आदळते. फळी कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरायची नाही.

पाण्यात चालताना पाय उचलायचे नाहीत, वाळूत घासत सरकायचे. वाळूत पाकट पडलेले असते. धक्का लागला की पळते, पाय पडला तर काटा मारते. काटा लागलाच तर ४३ ते ४५ अंशांच्या, म्हणजे सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय ३० ते ९० मिनिटे बुडवा आणि डॉक्टरकडे जा. किनाऱ्यावर मेलेले शिंगाळेही पडलेले असतात, त्यांचा काटा चपलेतून आरपार जातो. निळसर फुग्यासारखे काही दिसले तर ते मेलेले वाटले तरी हात लावू देऊ नका. किनाऱ्यावरच्या इशाऱ्याच्या झेंड्यांमध्ये जांभळा अशा प्राण्यांसाठी, लाल धोक्याचा, दोन लाल म्हणजे पाणी बंद.

एक गोष्ट मोठ्यांसाठी. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल आणि अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका. समुद्रात खरचटले तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा. काही तासांत लाली, सूज, तीव्र वेदना वाढू लागली तर थेट रुग्णालयात जा आणि ‘समुद्राच्या पाण्यात जखम झाली’ हे वाक्य आवर्जून सांगा, कारण त्यावरून औषध ठरते.

‘आखात’ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर दुबईच येते. तिथे यातले काय लागू पडते?

पिरियडचे सगळे गणित लागू पडते, किंबहुना जास्तच. पर्शियन आखाताची सरासरी खोली अवघी ३५ मीटरच्या आसपास आणि लांबी हजार किलोमीटरच्या आत. लाट येते ती वायव्येच्या शमाल वाऱ्याने, मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. शमाल वाहत असताना पाणी खवळलेले असते. तो पडल्यानंतरची पहिली सकाळ उम्म सुकीमच्या सनसेट बीचवर गाठा, दुपारपर्यंत ती संपते. उन्हाळ्यात खरी लाट हवी असेल तर ओमानचा अल अशखरा किनारा. तिथे मोसमी वाऱ्यांनी उठलेली अरबी समुद्राची लाट येते.

चक्रीवादळाच्या वेळी सर्वांत चांगल्या लाटा येतात असे ऐकले. जावे का?

लाटा येतात हे खरे. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ, त्यात सप्टेंबरचा पूर्वार्ध ऐन भराचा, आणि आखातात १२ सेकंदांचा पिरियड दिसतो तो एवढ्याच काळात. ८०० किलोमीटरवरच्या वादळातून निघालेली १२ सेकंदांची लाट सुमारे २४ तासांत पोहोचते. म्हणजे वादळ अजून युकातानजवळ असताना, आकाश निरभ्र असताना चांगली लाट येऊ शकते.

वादळ कुठे चालले आहे त्यावर सगळे ठरते. त्याभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. ते फ्लोरिडाकडे वळले तर टेक्सास त्याच्या डाव्या अंगाला राहतो : वारा उत्तरेचा, लाट लांब आणि साफ. टेक्सासच्या लोकांनी वाट पाहावी ती याच दिवसांची. वादळ टेक्सासकडेच येत असेल तर खारा वारा वाढत जातो आणि लाट बिघडते. बोयावर पिरियड कमी होत जाऊन उंची वाढू लागली की वादळ जवळ आले असे समजा. त्या क्षणी पाण्यात असाल तर बाहेर या आणि किनाराही सोडा. वादळ धडकण्याच्या कितीतरी आधी समुद्राची पातळी चढते. सर्फसाइड ते गॅल्व्हस्टन जोडणारा ब्लू वॉटर हायवे लवकर पाण्याखाली जातो आणि परतीची वाट बंद होते. स्थलांतराचा आदेश निघाला असेल तर प्रश्नच उरत नाही.

वादळ गेल्यावर लाट दिसली तरी काही दिवस थांबा. पाण्यात खिळे ठोकलेल्या फळ्या, तुटलेल्या धक्क्यांचे खांब आणि सांडपाणी असते. किनाऱ्यांचे पाणी तपासणाऱ्या ‘टेक्सास बीच वॉच’वर त्या किनाऱ्याच्या पाण्यातले जिवाणू पुन्हा ‘कमी’ दिसू लागले की मग उतरा. पहिल्या दिवशी मात्र जुनी जागा शोधत बसू नका, भिंतीवरून नवे उंचवटे कुठे बसले आहेत ते आधी पाहा.